आईनं विचारलंय, "येताना वांग्याचं बी आणू का?" (आणि युरोपातल्या बीजपेढ्यांबद्दल एक प्रश्न)

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी मूळची यावल तालुक्यातली, गेली नऊ वर्षं नेदरलँड्सला आहे. गेल्या वर्षी महापालिकेच्या भाड्याच्या बागेत एक वाफा मिळाला, टोकाला छोटं काचघरही आहे. इथलं वांगं म्हणजे काळं, चकचकीत, आत बी जवळजवळ नाहीच. भाजलं की पाणी सुटतं आणि भरिताची लापशी होते.

आई मे महिन्यात येतेय. तिच्याकडे भरताच्या वांग्याचं बी आहे. हिरवं वांगं, त्यावर पांढऱ्या रेघा, आजीपासून चालत आलेलं. झाडावर पिकून पिवळं झालेलं फळ पाण्यात कुस्करायचं, खाली बसलेलं बी राखेत चोळून सुकवायचं, फडक्यात बांधून तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवायचं, अशी तिची पद्धत. काल फोनवर म्हणाली, "चिमूटभर आणते ना, पर्समध्ये कोण बघतंय?"

तर पहिला प्रश्न, आणता येतं का? दुसरा, ऑफिसातला एक सहकारी म्हणाला की वाखेनिंगनला जगभरच्या भाज्यांचं बी गोठवून ठेवलंय, त्यात भारतातली वांगीसुद्धा आहेत आणि युरोपातले बरेच देश हे काम मिळून करतात. खरं असेल तर माझं वांगं मला तिथून मिळेल का? आणि बियाण्याच्या धंद्यात एकमेकांचे स्पर्धक असलेले हे देश बियांसाठी एकत्र का येतात?

निवडुंग
पहिल्याचं उत्तर : नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघाबाहेरून लावायचं बी आणायचं तर निघालेल्या देशाचं फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचं) प्रमाणपत्र लागतं. चिमूटभर असो की पोतंभर, नियम तोच.

प्राजक्ता७
अरेरे. माझ्या सासूबाईंचं गवारीचं बी असंच विमानतळावर काढून घेतलं होतं. बिचाऱ्या दोन दिवस जेवल्या नाहीत नीट.

बीजांकुर
मी व्हॅलेन्सियाला आहे आणि पोटापाण्याचा उद्योगच वांगं आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

निवडुंग यांनी सांगितलं ते बरोबर, आणि त्यामागचं कारणही सांगते, नाहीतर हा नुसता सरकारी त्रास वाटतो. टोमॅटोवर तपकिरी सुरकुत्या आणणारा एक विषाणू २०१४ मध्ये इस्रायलात दिसला, २०१८ मध्ये जर्मनीत पोचला आणि मग युरोपभर. टोमॅटोत विषाणूंविरुद्ध जे जनुक कित्येक वर्षं भिंतीसारखं उभं होतं, ते याच्यापुढे चाललं नाही. हा विषाणू बियावरून जातो, हातावरून जातो, कात्रीवरून जातो. काचघरवाल्यांनी अख्खी पिकं उपटून जाळलीत. वांगं त्याच कुळातलं. ताई, तुमच्या बागेत शेजारच्या वाफ्यात कुणाचे तरी टोमॅटो असणारच.

आता दुसरा प्रश्न. हो, तुमचं वांगं किंवा त्याची चुलत बहीण युरोपात असण्याची बरीच शक्यता आहे. इथल्या सगळ्या जनुकपेढ्यांची (म्हणजे बीजपेढ्यांची) मिळून युरिस्को नावाची एक सामाईक नोंदवही आहे, जर्मनीतल्या गाटर्सलेबेनची संस्था ती सांभाळते. २० लाखांहून जास्त नमुने आहेत. सोलॅनम मेलोंजेना (वांग्याचं शास्त्रीय नाव) टाका, मूळ देश भारत निवडा, आणि यादी बघा.

आणि हे देश एकत्र का? कारण एकट्याला परवडत नाही. वांग्यासाठी फ्रान्समधलं आव्हिन्यो, नेदरलँड्समधलं वाखेनिंगन आणि नायमेखेन इथल्या लोकांनी २००० नंतरच्या काही वर्षांत एगनेट नावाचं जाळं विणलं. कुणाकडे काय आहे ते तपासलं, एकाच पद्धतीनं वर्णन केलं. मग २०१६ ते २०२१ इटलीच्या पुढाकारानं जी-टू-पी-सोल प्रकल्प झाला : बटाटा, टोमॅटो, मिरची, वांगं. त्यातून निघालेला वांग्यावरचा निबंध २०२३ मध्ये आला. ३,४०० हून जास्त वांग्यांचं जनुकीय वाचन करून त्यांनी दाखवलं की वांगं एकदा नाही, दोनदा माणसाळवलं गेलं : एकदा भारतीय उपखंडात आणि एकदा आग्नेय आशियात, स्वतंत्रपणे. आमच्या टेबलावर त्यातला वंशवृक्षाचा आलेख उघडला तेव्हा भारताच्या फांदीकडे बघून मला आजोळच्या परसातली काटेरी वांगी आठवली.

प्राजक्ता७
दोनदा?! हे माहीतच नव्हतं. वाचनखूण साठवली.

अण्णा_रावेर
मी यादी उघडून बघितली. भारतातली वांगी भरपूर दिसतात, पण गावाचा रकाना पुष्कळ ठिकाणी कोरा. कुणाच्या शेतातून आणलं, कोणत्या बाईनं पिढ्यान्पिढ्या निवडून राखलं, काही नाही. नुसतं "भारत".

ताई, मी शेतकरी आहे. आमच्याकडे बी राखणं हे बायांचं काम. चांगलं फळ कोणतं ते त्या ठरवतात, त्याला दोरा बांधतात, कुणी तोडू नये म्हणून पोरांना दम देतात. एवढं ज्ञान लावून तयार झालेलं वाण एका पाकिटात जातं आणि पाकिटावर आकडा. त्याच वाणातून गुण घेऊन कंपनी संकरित बी करते आणि आम्हाला दहा ग्रॅमच्या पुडीत विकते. सहकार्य आहे, मान्य, पण त्यांचं त्यांच्यात. आम्ही त्यात कुठे?

सई_स्कोने
अण्णा, तुमचं बरोबर आहे, पण एक बाजू सांगते. मी दक्षिण स्वीडनला राहते, जवळच आल्नार्पला सगळ्या नॉर्डिक देशांची मिळून एकच जनुकपेढी आहे. तिथल्या लोकांनी वाटाणा आणि केलसारख्या जुन्या भाज्या लोकांकडून मागवल्या तेव्हा आज्यांनी लिफाफ्यात बी पाठवलं, सोबत पत्रं. कुणाकडून आलं, कुठल्या गल्लीतून आलं, कशी शिजवायची, सगळं जपून ठेवलंय. म्हणजे नोंद ठेवता येते. भारतातून गेलेल्या नमुन्यांची ठेवली नाही याचं कारण गोळा करणाऱ्यांना त्या काळी ते महत्त्वाचं वाटलं नाही. ती चूकच.

धोंडोपंत
मी कृषी विद्यापीठात तीस वर्षं भाजीपाला पैदास शिकवला, आता निवृत्त आहे. अण्णांचा राग मला कळतो, तरी दोन शब्द.

रकाना कोरा असल्याची चूक जुनी आणि जगभरची आहे. पण पाकिट जिवंत आहे हे विसरू नका. बी सुकवून ओलावा पाच टक्क्यांच्या आसपास आणायचा, अॅल्युमिनियमच्या पाकिटात ते बंद करायचं आणि उणे २० अंशांना ठेवायचं, हे सोपं वाटतं. कठीण काम नंतरचं. दर काही वर्षांनी उगवण बघायची. उतरली की ते वाण पुन्हा शेतात लावून ताजं बी काढायचं. गाजर आणि कांदा परपरागीभवनाचे (दुसऱ्या झाडाच्या परागावर बी धरणारे), म्हणून एकेक वाण वेगळ्या जाळीच्या पिंजऱ्यात आणि आत माशा किंवा मधमाश्या सोडायच्या. वांगं बरंचसं स्वतःच फळतं, पण मधमाशी आली की भेसळ होते, म्हणून त्यालाही जाळी. एका वाणासाठी एक पिंजरा. हजारो वाणं. एका देशाचं अंदाजपत्रक त्यात बुडतं. म्हणून १९८० मध्ये युरोपातल्या देशांनी एकत्रित कार्यक्रम सुरू केला, ईसीपीजीआर. त्यात कांदावर्गीयांचा गट वेगळा, कोबीवर्गीयांचा वेगळा, वांगी-टोमॅटोचा वेगळा. पुढे असंही ठरवलं की एकच वाण पाच देशांनी सांभाळण्यापेक्षा प्रत्येक नमुन्याची जबाबदारी एकानं घ्यावी आणि बी सगळ्यांना मिळावं.

त्याच १९८० साली इंग्लंडात वेल्सबोर्नला भाज्यांची बीजपेढी उभी राहिली ती ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या पैशावर. भुकेल्यांसाठी काम करणाऱ्यांना कळलं होतं की जुनं बी गेलं की ते पुन्हा करता येत नाही.

आणि दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात, बी गोळा करणारे रशियन शास्त्रज्ञ वाविलोव्ह यांच्या संस्थेतले लोक तांदूळ, धान्य, बटाटे यांच्या राशींजवळ बसून उपाशी मेले, पण त्यांनी त्यातलं खाल्लं नाही. खुद्द वाविलोव्ह १९४३ मध्ये सारातोव्हच्या तुरुंगात गेले. वर्गात हे सांगताना दर वर्षी माझा आवाज बसायचा.

जालनेकर
सरांना नमस्कार. मी बियाणे उद्योगात आहे, मिरची आणि टोमॅटो. कंपन्यांच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण अण्णांच्या प्रतिसादात कंपनी एकदम खलनायक झालीय.

युरोपात हे काम सरकारी पेढ्या एकट्या करत नाहीत. २०१९ पासून ईव्हीए म्हणून मूल्यमापनाचं जाळं चालू आहे, त्यात गाजर, लेट्यूस आणि मिरचीचे गट आहेत. पेढी बी देते. कंपन्या आणि संस्था आपापल्या शेतात, आपापल्या खर्चानं तेच वाण लावतात आणि एकाच पद्धतीनं मोजतात : रोग किती, उंची किती, बोल्टिंग (फुलाचा दांडा वर येणं) कधी. माहिती तीन वर्षं भागीदारांपुरती आणि मग सगळ्या जगाला खुली. स्पर्धकांनी एकाच वाणाच्या बिया वाटून घेऊन एकमेकांना आकडे दाखवायचे, हे आपल्याकडे मी अजून फारसं बघितलेलं नाही.

का करतात? लेट्यूसचं उदाहरण घ्या. त्यावर ब्रेमिया नावाचा केवडा रोग येतो (ज्वारीवरच्या केवड्याच्या कुळातला). आज प्रतिकारक वाण बाजारात आणलं की काही वर्षांत त्या रोगाचा नवा वंश येतो आणि ते वाण पाडतो. त्या वंशांना क्रमांक द्यायला एक आंतरराष्ट्रीय मंडळच आहे. मी एकदा नेदरलँड्समध्ये त्याची चाचणी बघितली. ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढी रोपं, त्यावर बीजाणूंचं पाणी फवारतात, १५ अंशांच्या आसपास ओल्या झाकणाखाली ठेवतात. साधारण दोन आठवड्यांनी झाकण उघडलं की काही रोपांवर साखर भुरभुरल्यासारखं पांढरं, आणि शेजारचं रोप स्वच्छ हिरवं. त्या एका स्वच्छ रोपासाठी हा सगळा खटाटोप. ते बहुधा जंगली लेट्यूसकडून आलेलं असतं, आणि जंगली लेट्यूस कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही.

पालकाचंही तेच. वाखेनिंगनची माणसं जंगली पालक शोधायला उझबेकिस्तान-ताजिकिस्तानपर्यंत गेली.

निवडुंग
गाजर नारिंगी करणारेही डचच ना? की ती दंतकथा?

धोंडोपंत
राजाच्या सन्मानार्थ केलं ही दंतकथा. नारिंगी गाजर नेदरलँड्समध्ये सतराव्या शतकात रुळलं हे मात्र खरं. गाजराचं मूळ अफगाणिस्तानाच्या आसपास, जांभळं आणि पिवळं. हिवाळ्यात आपण हलव्याला घेतो ते लाल गाजर त्याच पूर्वेकडच्या कुळाचं.

प्राजक्ता७
लाल गाजराचा हलवा!! (अवांतराबद्दल क्षमस्व. पण तापीकाठ, भरीत कसं करता तुम्ही? आमच्याकडे शेंगदाण्याचा कूट घालतात.)

तापीकाठ
आमच्याकडे वांगी तुराट्यांवर भाजतात, हिरव्या मिरच्या आणि लसूण वेगळं भाजून बडगीत ठेचतात, वर कांद्याची पात. शेंगदाणे आख्खे, तळून. सोबत कळण्याची भाकरी. गॅसवर भाजलेल्याला आई भरीत म्हणतच नाही.

सगळ्यांचे मनापासून आभार. बीजांकुर, युरिस्कोत मी दोन तास बसले. एकेक आकडा उघडत गेले, "पारंपरिक वाण, भारत, फिकट हिरवे फळ" अशी एक नोंद दिसली आणि एकदम गळा दाटला. ते आमचंच आहे असं नाही. पण कुठेतरी गोठलेल्या खोलीत आहे.

गोंयकार
धागा छान चाललाय. मिरचीचं कोणी लिहिलंच नाही, म्हणून मी.

त्याच जी-टू-पी-सोलनं २०२१ मध्ये मिरचीवर निबंध काढला, जगभरच्या जनुकपेढ्यांतले १०,००० हून जास्त नमुने. दोन गोष्टी मला भावल्या. एक म्हणजे दीड हजारांहून जास्त नमुने दुहेरी निघाले. तेच वाण दोन पेढ्यांत, कधी एकाच पेढीत दोन नावांनी. वेगवेगळं काम केलं असतं तर हे कधीच कळलं नसतं. दुसरं, मिरची अमेरिकेतून निघून जगभर कशी पसरली त्याच्या वाटा जनुकांत दिसतात, आणि त्या वाटा व्यापाराच्या आहेत. आमच्याकडे पोर्तुगिजांनी आणली ती मिरची आज हरमलची, खोल्याची म्हणून मिरवते. चारशे-पाचशे वर्षांत आपल्या बायांनी परक्या झाडातून आपलं वाण घडवलं. ते घडवणं जनुकांत दिसतं, कागदात नाही.

अण्णा_रावेर
गोंयकारांनी नेमकं लिहिलं. कागदात नाही, हाच माझा मुद्दा.

सरांनी सांगितलेलं पटलं, पिंजऱ्यातली मेहनत मी नाकारत नाही. पण नुसती मेहनत नको, वाटाही हवा. जालनेकर, कंपन्या देतात का काही परत?

जालनेकर
देतात, पण कमी. पिकांच्या वाणांची देवाणघेवाण आणि फायद्याचा वाटा यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार २००४ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. पेढीतून बी घेताना एक ठरलेला करारनामा होतो. त्यातून बनवलेलं वाण पेटंट वगैरे लावून दुसऱ्यांना पैदाशीसाठी बंद केलं तर विक्रीचा ०.७७ टक्के एका सामाईक निधीत जातो, तिथून गरीब देशांतल्या शेतकऱ्यांच्या प्रकल्पांना. वाण खुलं ठेवलं तर सक्ती नाही. २०१८ मध्ये एका डच भाजीपाला बियाणे कंपनीनं सुमारे १,१९,००० डॉलर भरले, वापरकर्त्याकडून आलेला तो पहिला हप्ता. करार लागू होऊन चौदा वर्षांनी. अण्णा, आकडा तुमच्या बाजूनं बोलतो, हे मी कबूल करतो.

गंमत म्हणजे करारातल्या पिकांच्या मूळ यादीत वांगं आहे, गाजर आहे, पण टोमॅटो, मिरची, कांदा नाहीत. वाखेनिंगनसारख्या पेढ्या मात्र त्यांनाही तोच करारनामा लावतात.

बीजांकुर
पेटंटचा विषय निघालाच आहे तर एक चांगली बातमी. ब्रोकोली आणि टोमॅटोच्या पेटंटवरून युरोपात वर्षानुवर्षं लढाई चालली. २०२० च्या मे महिन्यात युरोपीय पेटंट कार्यालयाच्या वरिष्ठ मंडळानं मिरचीच्या प्रकरणात मत दिलं की केवळ नेहमीच्या संकर-निवडीनं मिळालेल्या झाडावर पेटंट नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्या दिवशी लोक खुश होते. आम्ही रानवांग्याशी संकर करतो, त्यात दुष्काळ सोसणारी झाडं मिळतात. ते काम श्रीलंका आणि आयव्हरी कोस्टमधल्या विद्यापीठांबरोबर झालंय. काटे इतके की हातमोज्यांतून घुसतात. पहिल्या पिढीत फळ कडू, बोराएवढं. मग पुन्हा पुन्हा वांग्याशी संकर करत पाच-सहा पिढ्या. एवढं करून ते कुणी कुलपात ठेवावं हे मला कधीच पटलं नसतं.

अण्णा, तुमच्याशी मी सहमत आहे. कोरा रकाना भरायला हवा. पण तो व्हॅलेन्सियात बसून भरता येत नाही, तो रावेरातच भरता येईल.

सई_स्कोने
+१. आपल्याकडे अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी तेच केलं ना. प्रत्येक बी कुणाकडून आलं ते त्या तोंडपाठ सांगतात.

निवडुंग
धागा भरकटून त्याचं काश्मीर होण्याआधी मूळ प्रश्नाकडे येऊया? तापीकाठ यांना पेढीतून बी मिळेल का नाही?

बीजांकुर
हो हो, राहूनच गेलं. सहसा नाही. बहुतेक पेढ्या संशोधन, पैदास आणि शिक्षणासाठी देतात, घरच्या बागेसाठी नाही. एका नमुन्यात बी थोडंच असतं आणि हौशी मागणी पुरवत बसलं तर पिंजऱ्यांचं काम दुप्पट होईल. हौशी लोकांसाठी वेगळ्या संस्था आहेत. ऑस्ट्रियात आर्खे नोआ आहे, स्वित्झर्लंडात प्रोस्पेसिएरारा. जुन्या भाज्यांचं बी सभासद एकमेकांना देतात. हिरव्या, पट्ट्यांच्या वांग्यांची वाणं त्यांच्याकडे बघा. भरताला चालतील का ते तुम्हीच सांगा.

आणि मे म्हणजे उशीर! तिथे वांग्याचं बी फेब्रुवारीच्या शेवटी घरात, खिडकीशी, २५ अंशांच्या आसपास रुजवायचं. काचघरात मेच्या मध्यानंतर रोप. फुलं हातानं हलवा, काचघरात वारा नसतो.

तापीकाठ
कालच आईशी बोलले. "आणू नकोस" म्हटल्यावर आधी रुसली. मग मी तिला या धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं, अण्णांचे प्रतिसाद तर दोनदा. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांब, लिहून घे."

मी लिहून घेतलं. हे बी आजीला तिच्या माहेराहून, बामणोदहून मिळालं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. दिलं तिच्या काकूनं. काकूचं नाव, आजीचं नाव, सगळं. १९७२ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा आजीनं भांडी घासलेल्या पाण्यावर चार झाडं जगवली होती. त्यातलं एकच फळलं. आत्ताचं सगळं बी त्या एका झाडाचं.

हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णा, तुम्ही रावेरला आहात म्हणून विचारते. आईनं हे बी आणि ही माहिती कुठे द्यावी? तिच्यानंतर लावणारं घरात कुणी नाही.

अण्णा_रावेर
ताई, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करू. शेतकऱ्याचं वाण म्हणून नोंदणी करायची सोय आपल्या २००१ च्या कायद्यात आहे, पण त्याला वेळ लागतो आणि कागदं लागतात. तोवर अर्धं बी मला द्या, मी लावतो. मधमाशी लागू नये म्हणून मच्छरदाणी टाकून लावतो, सरांनी सांगितलं तसं. उरलेलं अर्धं डाळीच्या डब्यातच राहू द्या. सगळं एका जागी ठेवायचं नाही.

वहीत तुमच्या आजीचं नाव पहिल्या ओळीत लिहीन. खासगी निरोपात माझा नंबर पाठवतोय, आईंना द्या.

प्राजक्ता७
डोळे पुसत वाचतेय.

धोंडोपंत
अण्णा, फुलं येण्याआधीच मच्छरदाणी टाका. फळ धरलं की काढली तरी चालेल, पण जाळीत धरलेल्या फळांना दोरा बांधून ठेवा, म्हणजे बाहेर धरलेली त्यांत मिसळणार नाहीत. आणि बी एका झाडाचं घेऊ नका. निदान दहा-बारा झाडांचं एकत्र करा. त्या दुष्काळात नाइलाज होता, आता नाही.